लस सर्वांना, गुण कोणाला?

द्वितीय वर्ष, कला

कला शाखेच्या विद्यार्थिनीने लसीवर लिहावे, हे काही वाचकांना आगाऊपणाचे वाटण्याचा संभव आहे. लस कशी तयार होते हे वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात. आमच्या वाट्याला इतिहास, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र आले आहे. हे सारे मान्य. परंतु लस कोणाला आधी द्यायची, कोणाला किती वेळा द्यायची आणि ज्याला तिचा गुण येत नाही त्याचे पुढे काय करायचे, हे प्रश्न केवळ प्रयोगशाळेत सुटणारे नाहीत. ते समाजाने सोडवायचे असतात. म्हणूनच या विषयावर चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहे.

कोणतीही नवी लस आली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘किती टक्के गुणकारी?’ कोरोनाच्या काळात हा प्रश्न एस. टी.च्या रांगेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सर्वत्र ऐकू येत होता. फायझर कंपनीच्या लसीचा ९५ टक्के हा आकडा २०२० च्या अखेरीस जगभर गाजला. सुमारे ४३ हजार माणसांवर झालेल्या चाचणीतून तो आला होता आणि तो खराच होता. पण त्या चाचणीत प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांना मुळात घेतलेच नव्हते. नव्या लसीची पहिली परीक्षा निरोगी आणि स्थिर प्रकृतीच्या माणसांवर घेण्याचा प्रघात आहे, आणि त्याला शास्त्रीय कारणेही आहेत. मात्र निरोगी माणसांत मोजलेला आकडा जेव्हा सर्वांसाठी म्हणून जाहीर होतो, तेव्हा त्या आकड्याच्या बाहेर राहिलेली माणसे कोणालाच दिसेनाशी होतात. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, ‘लस किती गुणकारी?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणाच्या शरीरात?’ हे शब्द त्याला जोडल्याशिवाय त्याचे खरे उत्तर मिळत नाही.

हे समजण्यासाठी लस म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. लस स्वतः रोगाशी लढत नाही. ती शरीराला रोगजंतूची ओळख करून देते. लढायचे काम शरीराचेच असते. रक्तातल्या काही पेशी ही ओळख पटल्यावर प्रतिपिंडे तयार करतात. त्यांना बी पेशी म्हणतात. टी पेशी नावाच्या दुसऱ्या पेशी त्यांना साहाय्य करतात आणि जंतूने पछाडलेल्या पेशींचा नाश करतात. यांतल्या काही पेशी ती ओळख वर्षानुवर्षे स्मरणात ठेवतात. थोडक्यात, लस ही शिक्षकासारखी आहे आणि शरीर हे विद्यार्थ्यासारखे. आमच्या प्राध्यापकवर्गाला हे वेगळे सांगायला नको की, शिकवणे कितीही उत्तम असले तरी समोरचा मुलगा उपाशी असेल, आजारी असेल किंवा झोपेचे औषध घेऊन बसला असेल, तर धडा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यात दोष शिक्षकाचा नसतो आणि त्या मुलाचाही नसतो.

प्रतिकारशक्ती क्षीण झालेली माणसे म्हणजे तरी कोण? ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवले आहे, त्याला ते शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सतत घ्यावी लागतात. ज्या औषधावर त्याचा जीव तगून आहे, तेच औषध लसीचा धडा पुसून टाकते. रक्ताच्या कर्करोगात प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशीच बिघडतात, आणि केमोथेरपीच्या औषधांनी उरल्यासुरल्या पेशीही कमी होतात. एच. आय. व्ही.चा विषाणू तर टी पेशींवरच घाला घालतो. मात्र औषधोपचार नियमित चालू असले, की अशा माणसाची लसीला साथ देण्याची शक्ती पुष्कळशी परत येते. डायलिसिसवर असलेले रुग्ण, संधिवातासाठी दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, जन्मतःच प्रतिकारशक्तीत दोष असलेली बालके, आणि वार्धक्याने थकलेली माणसे हीही याच पंक्तीत येतात. ही माणसे कोठे दूर राहत नाहीत. आपल्या गल्लीत, आपल्या घरात आणि कदाचित आपल्या वर्गातही ती आहेत. पुष्कळदा त्यांच्याकडे पाहून काही कळतही नाही.

आता काही आकडे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील डॉक्टरांनी २०२१ मध्ये अवयव प्रत्यारोपण झालेल्या ६५८ रुग्णांचे रक्त तपासले. कोरोनाच्या लसीच्या दोन मात्रा घेऊनही त्यांपैकी ४६ टक्के रुग्णांत प्रतिपिंडे आढळली नाहीत. निरोगी माणसांत दोन मात्रांनंतर ती जवळजवळ सर्वांमध्ये आढळतात. त्याच वर्षी फ्रान्समधील तूलूज येथे अशाच १०१ रुग्णांना तिसरी मात्रा देण्यात आली. तिसऱ्या मात्रेपूर्वी त्यांच्यातील ४० टक्क्यांत प्रतिपिंडे होती, ती नंतर ६८ टक्क्यांत दिसू लागली. म्हणजे तिसऱ्या वेळी धडा आणखी काही जणांना समजला. पण शंभरातले बत्तीस तरीही रिकाम्या हाताने परतले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. प्रतिपिंडे म्हणजे संपूर्ण संरक्षण नव्हे. टी पेशींचेही काम असते, आणि ते साध्या रक्ततपासणीत दिसत नाही. म्हणून खरी कसोटी ही की, लस घेतल्यावर रुग्णालयात दाखल होण्याची पाळी किती टळली. अमेरिकेतील नऊ राज्यांच्या रुग्णालयांतून २०२१ मध्ये हे पाहण्यात आले. निरोगी प्रतिकारशक्तीच्या माणसांत दोन मात्रांनी ही पाळी ९० टक्क्यांनी टळली होती. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांत ७७ टक्क्यांनी. या ७७ च्या पोटातही भेद होते. संधिवातासारखे विकार असलेल्यांत हा आकडा ८१ होता, तर प्रत्यारोपण झालेल्यांत तो ५९ पर्यंत खाली आला होता.

या आकड्यांवरून दोन निष्कर्ष काढता येतात, आणि माझ्या मते ते दोन्ही चुकीचे आहेत. पहिला निष्कर्ष असा की, ‘लस घेतली, आता भय नाही.’ दुसरा असा की, ‘एवढे करूनही रोग होतोच, तर लस घ्यावीच कशाला?’ पहिल्यात दुर्बल माणूस बेसावध राहतो. दुसऱ्यात तो मिळणारे संरक्षणही गमावतो. शंभर पैशांचे काम साठ पैशांत झाले म्हणून ते साठ पैसे कोणी गटारात टाकत नाही. गरिबाला साठ पैशांची किंमत अधिकच कळते.

हे मी पुस्तकी बुद्धीने म्हणत नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, रक्ताचे रिपोर्ट आणि गोळ्यांच्या पाकिटांवरची अक्षरे वाचून दाखवण्याचे काम शाळेत असल्यापासून माझ्याकडे आहे. माझ्या आत्याला बरीच वर्षे संधिवात आहे. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्झेट या गोळ्या तिला चालू असतात. २०२१ मध्ये तिने रांगेत उभी राहून लसीच्या दोन्ही मात्रा घेतल्या. तेथे तिचे वय विचारले, आधार कार्ड पाहिले. पण कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे कोणी विचारले नाही, आणि आपण होऊन सांगायला हवे हे तिला ठाऊक नव्हते. पुढच्या जानेवारीत तिला कोरोना झाला आणि आठ दिवस रुग्णालयात प्राणवायूवर राहून ती घरी आली. गावच्या पारावर बोलणे सुरू झाले, ‘दोन-दोन सुया टोचून घेतल्या, तरी झालाच ना शेवटी!’ तेवढ्यावरून दोघा-तिघांनी आपली दुसरी मात्रा घेण्याचे रहित केले. आत्याने मात्र मला निराळेच विचारले : ‘माझ्याच अंगात खोट हाय का गं?’

या प्रश्नाचे उत्तर देणे मला आजही या लेखाचे मुख्य काम वाटते. खोट तिच्या अंगात नाही. तिच्या आजाराने आणि त्या आजारावरच्या औषधाने तिची प्रतिकारशक्ती अडवून धरली होती, एवढेच. आणि ती घरी परत आली, यात त्या अर्ध्यामुर्ध्या संरक्षणाचाही वाटा असण्याचा पुष्कळ संभव आहे. पारावरच्या मंडळींनी एका दुर्बल शरीरातला अनुभव धडधाकट शरीरांना लावला; आणि आपण सुशिक्षित मंडळी धडधाकट शरीरांतला आकडा दुर्बलांना लावतो. चूक दोन्हीकडे एकच आहे.

यावर कोणी म्हणेल, की याला उपाय काय? उपाय आहेत, आणि त्यांतले काही अगदी साधे आहेत. पहिला उपाय वेळ साधण्याचा. प्रत्यारोपण ठरले असेल तर लस त्याआधीच घ्यावी. बी पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅबसारखे औषध सुरू व्हायचे असेल, तर तेही लस घेतल्यानंतर सुरू करणे बरे. दुसरा उपाय मात्रा वाढवण्याचा. यकृतदाह ‘बी’ म्हणजे हिपॅटायटिस बी या रोगाची लस डायलिसिसच्या रुग्णांना दुप्पट मात्रेत देतात आणि नंतर रक्त तपासून ती लागू पडली की नाही हे पाहतात. ही रीत जुनी आहे. म्हणजे दुर्बल शरीराचा हिशेब वेगळा मांडायला वैद्यकशास्त्र फार पूर्वीच शिकले आहे. तिसरा उपाय औषध थोडे थांबवण्याचा. केरळमधील डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांवर चाचण्या करून पाहिले, की पुण्यात तयार झालेली कोव्हिशील्ड लस दिल्यावर दोन आठवडे मेथोट्रेक्झेट बंद ठेवले तर प्रतिपिंडे अधिक प्रमाणात तयार होतात. मात्र दोन्ही मात्रांच्या वेळी औषध थांबवले, तर संधिवात उलटण्याचे प्रमाण वाढते. केवळ दुसऱ्या मात्रेनंतर थांबवले तर तितका त्रास होत नाही. २०२२ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अर्थात असे औषध आपल्या मनाने बंद करण्याचे नसते, हे सांगणे माझे कर्तव्य आहे. तो निर्णय डॉक्टरांचाच.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. काही लसींत जिवंत पण क्षीण केलेले जंतू असतात. गोवर, कांजिण्या, बी. सी. जी. आणि पोलिओचे तोंडावाटे द्यायचे थेंब या अशा लसी. निरोगी बालकाला त्यांचे भय नाही. परंतु ज्याची प्रतिकारशक्ती फारच क्षीण आहे, त्याच्या शरीरात लसीतला क्षीण जंतूही माजू शकतो. जन्मतः प्रतिकारशक्तीत दोष असलेल्या ब्रिटनमधील एका माणसाच्या शरीरात पोलिओच्या लसीतला विषाणू २८ वर्षे टिकून राहिल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणून अशा माणसांना या लसी बहुधा देत नाहीत. साहजिकच, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलाला गोवरापासून वाचवायचे तर एकच मार्ग उरतो : त्याच्या भोवतीच्या सर्व मुलांना गोवराची लस मिळालेली असणे. गोवराचा फैलाव रोखण्यासाठी शंभरातल्या सुमारे पंचाण्णव जणांत त्याविरुद्ध प्रतिकारशक्ती असावी लागते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या परिसरात गोवराने मुले दगावली, तेव्हा हे कुंपण किती ठिकाणी मोडलेले आहे ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

आतापर्यंत मी आजाराने किंवा औषधाने क्षीण झालेल्यांविषयी लिहिले. परंतु आपल्या देशात दारिद्र्य हेही लसीचा गुण कमी करणारे एक कारण आहे, आणि याचा दाखला पोलिओचा आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच दाखवून दिले होते, की पाश्चात्त्य मुलांना जेवढ्या थेंबांत संरक्षण मिळते तेवढ्यात आपल्या मुलांना मिळत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, नेहमीच्या लसीच्या एका मात्रेचा गुण उत्तर प्रदेशात अवघा ९ टक्के होता, तर देशाच्या इतर भागांत २१ टक्के. दाट वस्ती, अस्वच्छता, वारंवार होणारे अतिसार आणि आतड्यांत ठाण मांडून बसलेले इतर जंतू ही त्याची कारणे सांगितली जातात.

तेव्हा आपल्या देशाने काय केले? ‘या मुलांना लस लागू पडत नाही’ म्हणून त्यांना सोडून दिले नाही. घरोघर, वीटभट्ट्यांवर, रेल्वे स्थानकांवर आणि जत्रांत जाऊन पुन्हा पुन्हा थेंब पाजले. एकेका मुलाला दहाहून अधिक वेळा थेंब मिळाले. २००५ पासून एकाच प्रकारच्या विषाणूविरुद्धची, तर २०१० पासून दोन प्रकारांविरुद्धची अधिक प्रभावी लस वापरली. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये पोलिओचा अखेरचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह हा सारा प्रदेश पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. ज्यांच्यात लसीचा गुण सर्वांत कमी, त्यांच्या दारी सर्वांत अधिक वेळा जायचे, हे त्या यशाचे मर्म होते.

हेच मर्म आपण कोरोनाच्या वेळी विसरलो, असे खेदाने म्हणावे लागते. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेने प्रत्यारोपण झालेल्या व तत्सम रुग्णांना तिसरी मात्रा देण्यास मान्यता दिली. ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने हीच शिफारस केली. त्याच महिन्याच्या २१ तारखेला आपल्या देशाने शंभर कोटी मात्रांचा टप्पा गाठला आणि त्याचा सर्वत्र गौरव झाला. तो गौरव रास्तच होता. परंतु १० जानेवारी २०२२ पासून जेव्हा तिसरी मात्रा सुरू झाली, तेव्हा ती आरोग्य कर्मचारी, आघाडीवरचे इतर कर्मचारी आणि साठीच्या पुढचे व्याधिग्रस्त यांच्यासाठी होती. शिवाय दुसऱ्या मात्रेनंतर नऊ महिने उलटण्याची अट होती. तीस वर्षांच्या, मूत्रपिंड बदललेल्या तरुणाचे नाव त्या यादीत बसत नव्हते. अठरा वर्षांवरील सर्वांना ती एप्रिलमध्ये खासगी केंद्रांत पैसे मोजून मिळू लागली, आणि शासकीय केंद्रांत मोफत मिळायला १५ जुलै २०२२ उजाडला.

देश अफाट आहे, लस अपुरी होती, आणि कित्येकांना पहिलीही मात्रा मिळायची होती, हे मला ठाऊक आहे. साऱ्यांनाच तिसरी मात्रा द्यावी असे कोणी म्हणत नव्हते. पण यादी करताना वय आणि नोकरी यांच्याबरोबर ‘आजार आणि औषध’ असा एक रकाना वाढवणे अशक्य नव्हते. आपण टोचलेल्या सुया मोजल्या; त्या सुयांनी किती जणांना संरक्षण मिळाले, हे मोजायचे राहून गेले. परीक्षेला किती मुले बसली एवढेच सांगून निकाल न लावणाऱ्या विद्यापीठाला आपण काय म्हटले असते?

आता आपल्याकडे वळू. मित्रहो, आपण एकोणीस-वीस वर्षांचे. आपल्यापैकी बहुतेकांच्या शरीरात लस उत्तम काम करते. म्हणूनच ‘मला काय होणार आहे?’ हे वाक्य आपल्या तोंडी सहज येते. पण आपण घेतलेली लस केवळ आपल्यापुरती नसते. ज्या घरात डायलिसिसवरचे वडील आहेत किंवा केमोथेरपी घेणारी आई आहे, त्या घरातल्या धडधाकट मुलाने लस घेणे म्हणजे त्या आजाऱ्याच्या दाराला कडी लावण्यासारखे आहे. ती कडी कधी निसटतेही. पण म्हणून कोणी दार सताड उघडे ठेवून झोपत नाही.

महाविद्यालयापुरत्या दोन सूचना करते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी गावात जातो, रस्ता झाडतो, झाडे लावतो. या वर्षी घरोघर एक साधा प्रश्न विचारू या : या घरात रोज गोळ्या घेणारे कोणी आहे का, आणि लस घेताना त्यांनी त्या गोळ्यांविषयी सांगितले होते का? उत्तर नकारार्थी आले तर गोळ्यांची नावे एका कागदावर लिहून द्यायची आणि तो कागद डॉक्टरांना दाखवायला सांगायचे. एवढे काम कला शाखेचा विद्यार्थीही करू शकतो. त्याला अक्षरओळख आणि थोडी आस्था पुरेशी आहे.

दुसरी सूचना प्राध्यापकवर्गास, लहान तोंडी मोठा घास घेऊन. पंचाहत्तर टक्के हजेरीच्या धाकाने ताप आणि खोकला असतानाही मुले वर्गात येऊन बसतात, आणि त्याला आपण अभ्यासूपणा समजतो. त्याच बाकावर प्रतिकारशक्ती क्षीण असलेला एखादा मुलगा बसलेला असू शकतो, आणि तो हे कोणाला सांगणार नाही; कारण आपल्याकडे आजार सांगितला की माणसे जवळ बसायचे टाळतात. ताप असेल त्या दिवसांची हजेरी माफ व्हावी, आणि खोकणाऱ्याने तोंडाला मुखपट्टी बांधली तर त्याची थट्टा होऊ नये. यासाठी फार खर्च येत नाही.

शास्त्रज्ञ आपले काम करीतच आहेत. दुर्बल शरीरातही लागू पडतील अशा लसी येऊ लागल्या आहेत. नागिणीवरची नवी लस जिवंत विषाणूविना बनवलेली असल्याने ती स्वतःच्याच मूलपेशींचे प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांनाही देता आली, आणि त्यांच्यात ती सुमारे ६८ टक्के गुणकारी ठरली. निरोगी प्रौढांत तिचा आकडा ९७ होता. हे अंतर कमी करणे त्यांचे काम आहे. परंतु ते अंतर जोवर आहे, तोवर ते भरून काढण्याची जबाबदारी धडधाकट असलेल्यांवर येते. म्हणून यापुढे कोणी ‘ही लस किती टक्के गुणकारी?’ असे विचारले, तर उत्तर देण्याआधी आपण त्याला उलट विचारू या, ‘कोणाला?’